वन्संचा तराजू

आमच्या वन्संइतकी खरं बोलणारी बाई मी जन्मात दुसरी पाहिली नाही, आणि असं माणूस घरात असणं किती जिकिरीचं असतं हेही मला त्यांच्यामुळेच कळलं. आपण सगळे सोयीपुरतं खरं बोलतो. वन्संना ती सोय मंजूर नव्हती. एखाद्या पाहुणीनं चार माणसांत कौतुक करून घ्यावं म्हणून "मी जरा सुटलेय का हो?" असं विचारावं आणि वन्संनी चष्मा सारखा करून "अकरा पौंड. मागच्या दिवाळीपासून," असं सांगावं, हे आमच्याकडे नेहमीचं होतं. कुणाचं बाळ पाहायला गेल्या की बाळाला हातात घेऊन दोनदा खालीवर करायच्या आणि आईला आकडा सांगायच्या. तो दवाखान्यातल्या आकड्याशी इतका जुळायचा की आमच्या चामराजपेटेतल्या बाळंतिणी दवाखान्याचा हेलपाटा वाचवून वन्संनाच बोलावणं धाडू लागल्या. वय तेव्हा फार तर बावीस. अंगानं काटकुळ्या, चालणं भरभर, कानामागे कायम एक शिसपेन्सिल, आणि समोरच्या माणसाकडे बघताना याच्यात लोह किती असेल असा विचार चालल्यासारखी नजर.

मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. माझं माहेर निपाणीचं. सासरचे मूळचे बेळगावकडचे, पण मामंजींना बंगलोरच्या सरकारी कचेरीत चिकटून पंचवीस वर्षं झाली होती आणि घरातलं मराठी चांगलंच कानडाळलेलं होतं. आमचे हे कारखान्यात नोकरीला, आणि वन्सं यांच्या पाठच्या, कॉलेजात. वन्संना शिकायचं होतं रसायनशास्त्र. मामंजींचं मत असं की मुलगी रसायनशास्त्र शिकली तर फार फार तर घरात एक भडका उडवील, दुसरा उपयोग नाही. पण कॉलेजात मुख्य विषयाला एक दुय्यम विषय जोडून घ्यावा लागे आणि त्या यादीत आहारशास्त्र होतं. "आहारशास्त्र म्हणजे स्वयंपाकच ना?" मामंजींनी विचारलं. "जवळजवळ," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यातलं हे एकच 'जवळजवळ', आणि त्याबद्दल त्यांना पुढे कित्येक वर्षं वाईट वाटत होतं. मामंजींनी होकार दिला, पण अट घातली: ज्या विषयात ज्या वर्षी नापास होशील, त्या वर्षी कॉलेज बंद आणि धारवाडचं स्थळ पक्कं. मामंजी अट घालत ती कचेरीतल्या हुकुमासारखी घालत आणि पाळतही तशीच.

झालं असं की रसायनशास्त्र कॉलेजातच राहिलं आणि आहारशास्त्र घरी आलं. तांदूळ धुतलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात सत्त्व असतं, म्हणून ते पातेल्यात साठू लागलं. सासूबाईंनी ते झाडांना घातलं तर वन्सं झाडांकडे हेव्यानं बघायच्या. मोड आलेले मूग रोज खावेत असं पुस्तकात होतं, आणि मोड आणायला मऊ सुती कापड लागतं, म्हणून यांचे धुतलेले हातरुमाल एकेक करून नाहीसे होऊ लागले. एक दिवस यांनी कारखान्यात साहेबासमोर घाम पुसायला खिशातून रुमाल काढला आणि साहेबाच्या टेबलावर मूठभर मूग पडले, अर्ध्या इंचाचे मोड आलेले. हे संतापून घरी आले तेव्हा वन्संनी फक्त मोडांची लांबी विचारली. मग रागी आली, म्हणजे आपली नाचणी. सासूबाईंच्या लेखी रागी गाडीवानांनी खायची. वन्संनी तिचे गुण सांगायला सुरुवात केली की सासूबाई देवघरात जाऊन बसायच्या, कारण तिथं वन्संनी बोलायचं नाही असा नियम होता.

एवढं असून वन्संना स्वयंपाक येत नव्हता. अजिबात नव्हता. एकदा त्यांनी उप्पीट केलं, त्यात काय काय किती आहे हे कागदावर लिहून ताटलीजवळ ठेवलं. कागद वाचून आम्ही सगळे थक्क झालो. उप्पिटाचा घास कुणाच्या घशाखाली उतरला नाही. वन्संनी स्वतः मात्र ताटली संपवली आणि म्हणाल्या, "चव वाईट आहे. पण कागदात चूक नाही."

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला धारवाडचा मुलगा त्यांना पाहायला आला. पोरगा भला होता, वकिली नुकतीच सुरू केलेली. कांदेपोहे झाले, मामंजींनी मुलीला काही विचारायचं तर विचारा म्हटलं, तो लाजून गप्प बसला, तेव्हा वन्संनीच त्याला विचारलं, "दिवेलागणीच्या वेळी तुम्हाला ठेच लागते का?" त्यानं जरा विचार करून हो म्हटलं. "हिरड्यांतून रक्त?" तेही कधीमधी येत होतं. वन्संनी त्याला संध्याकाळी नीट दिसावं म्हणून गाजरं, पपई, शेवग्याचा पाला आणि हिरड्यांसाठी आवळा असं लिहून दिलं, आणि पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आठ दिवसांनी धारवाडहून पत्र आलं. मुलाचा होकार होता. मला वाटतं, आपल्याला ठेच लागते की नाही याची त्या मुलाकडे आजवर कुणी चौकशीच केली नसावी. मामंजींनी त्यांना निकालापर्यंत थांबा असं कळवलं. त्यामुळे नापास होण्याची शिक्षा आता नुसती बोलण्यातली राहिली नाही. ती धारवाडला पपई खात वाट बघत होती.

त्या वर्षी आहारशास्त्रात एक मोठं काम होतं. एक कुटुंब निवडायचं, त्या घरात शिजणारं सगळं सात दिवस तोलायचं, कोण किती जेवतं ते लिहायचं, आणि ते माणसाला पुरतं की नाही याचा हिशेब मांडून, कुटुंबप्रमुखाची सही घेऊन अहवाल द्यायचा. निम्मे गुण या एका अहवालाला. वन्सं कॉलेजातून एक पितळी तराजू आणि औंसाची वजनं घेऊन आल्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. सासूबाईंनी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "जेवणाऱ्याचं पान तोलायचं नसतं. अंगाला लागत नाही त्याच्या. ह्या घरात हे चालायचं नाही." वन्सं शेजारी गेल्या, समोर गेल्या, पलीकडच्या क्रॉसला, म्हणजे आडरस्त्याला गेल्या. तराजू बघितला की प्रत्येक घरातली बाई हसून दाराची कडी लावत होती.

शेवटी हो म्हटलं ते आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिंपीअक्कांनी. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिवणयंत्र, मागच्या खोलीत संसार आणि तीन मुलं. चार पिढ्यांपासून बंगलोरात असल्यामुळे त्यांच्या मराठीत दर तिसरा शब्द कानडी होता. "या की तायी, रोज या. परवा इल्ल, काही हरकत नाही. काय तोलायचं ते तोला," त्या म्हणाल्या.

वन्सं रोज सकाळी तराजू घेऊन जायच्या आणि परत येताना त्यांचा चेहरा अधिकाधिक उजळत जायचा. पहिल्या दिवशी त्या घरात होळिगे, म्हणजे पुरणाची पोळी होती. दुसऱ्या दिवशी मसालेभात, तूप आणि दोन भाज्या. तिसऱ्या दिवशी श्रीखंड. "वहिनी, आपला समज किती चुकीचा असतो बघा," त्या मला म्हणाल्या. "एका शिवणयंत्रावर चालणारं घर, पण आहार इतका समतोल आहे की कॉलेजातल्या बाईंना दाखवायची मला घाई झालीय." मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले, कारण मला माहीत होतं. आदल्याच दिवशी सासूबाईंनी पदराखाली झाकून तुपाचा डबा माझ्या हातात दिला होता आणि तो मी मागच्या बोळातून शिंपीअक्कांकडे पोचवला होता. तिथे आधीच समोरच्या वकिलांच्या घरची साखर आणि मास्तरीणबाईंची तुरीची डाळ येऊन बसली होती. दाराच्या कड्या लावणाऱ्या सगळ्या बाया आतून कामाला लागल्या होत्या. धारवाडची अट गल्लीत कुणाला माहीत नव्हती असं नाही, आणि गल्लीचा ठाम समज असा झाला होता की ज्या घराची नोंद केली ते घर जितकं चांगलं जेवेल, तितके वन्संना गुण जास्त. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. परीक्षा म्हणजे चांगलं काहीतरी दाखवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

सातव्या दिवशी निघताना शिंपीअक्कांनी वन्संच्या हातात रिकामा डबा ठेवला. "तुमच्या आईस्नी द्या. तूप लई बरं होतं." आणि मग, लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या मनातही नसल्यामुळे, साखर कुणाची, डाळ कुणाची, दही कुणी विरजून दिलं, सगळं आनंदानं सांगितलं. "तुमी पास व्हायला पायजे की तायी. आमी समद्यांनी मिळून केलं."

वन्संनी कानामागची पेन्सिल काढली. मग त्यांनी विचारलं, "अक्का, एरवी तुम्ही काय जेवता?"

"एरवी काय, रागीच्या उकडीचे गोळे, मुद्दे म्हणतो आमी, आणि पातळ सारू. ते कशाला लिहायचं?"

वन्संनी ते लिहिलं नाही. आणखी सात दिवस येते असंही म्हणाल्या नाहीत. शिंपीअक्कांच्या तोंडावरचा आनंद बघून त्यांना ते म्हणवलं नाही, असं नंतर त्यांनी मला सांगितलं. घरी येऊन त्यांनी सात दिवसांचे कागद एकत्र टाचले, वर 'चुकीचे' असं लिहून तारीख घातली आणि ते पेटीत ठेवून दिले. सासूबाई दारात उभ्या होत्या. वन्संनी डबा त्यांच्यासमोर ठेवला. "आई, डबा परत आलाय. अहवाल द्यायला अकरा दिवस उरलेत. आता दुसरं घर मिळायचं नाही." आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. मला वाटतं, एखादा शब्द लागेल असं बोलल्या असत्या तर सासूबाईंना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चूल पेटवली आणि म्हणाल्या, "तोल. आपलंच घर तोल. पण पान तोलायचं नाही म्हणजे नाही." यावर वन्संनी अशी तोड काढली की पानाला हात लावायचा नाही, पातेलं तोलायचं. मामंजी आणि हे जेवायला बसण्याआधी एकदा, ते उठल्यावर एकदा. मग सासूबाई आणि वन्सं जेवायच्या, की पुन्हा एकदा. प्रत्येकाला किती डाव वाढले ते वेगळं मांडायचं. आणि सगळ्यांत शेवटी मी बसत असे, त्यानंतर एकदा. सासूबाईंना हे पटलं. पातेल्याच्या अंगाला लागलं नाही तरी चालणार होतं.

पहिले दोन दिवस सगळे बिचकून होते. यांनी पोळी मागताना खाकरायला सुरुवात केली, आणि मामंजी ताक पिताना भिंतीकडे बघू लागले. "कुणीही नेहमीपेक्षा वेगळं जेवू नका," वन्सं म्हणाल्या. "मला लगेच कळतं." माझी पाळी आली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "वन्सं, मी जेवताना इथे बसू नका हो," मी म्हटलं. त्या पाठ करून बसल्या, पण उठल्या नाहीत.

आठव्या दिवशी तक्ता तयार झाला. पुरुषांचे आणि वन्संचे स्वतःचे आकडे भरभक्कम होते. माझ्यापुढे जो आकडा होता तो माणसाला लागतं त्याच्या निम्म्याहून जरासाच वर होता. त्याच्या वरच्या ओळीतला, माझ्याहून किंचितच मोठा, आकडा सासूबाईंचा होता. घरात कशाची वाण नव्हती आणि मला कुणी कधी नको म्हटलं नव्हतं. शेवटी बसणारीनं पातेल्यात उरेल ते जेवायचं आणि उरलं नसेल तर पाणी पिऊन उठायचं, हे मी माहेराहूनच शिकून आले होते. त्यात कुणाला काही दिसावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

मामंजी सही करण्यापूर्वी प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचत. त्यांनी चष्मा काढला. "ह्यात चूक आहे."

"तीनदा केलंय, अण्णा."

"घरात डबे भरलेले आहेत."

"डब्यांचा रकाना वेगळा आहे. तिथे भरलेले असंच लिहिलंय."

"हे कॉलेजात वाचतील. सुनेला उपाशी ठेवतात म्हणतील."

"उपाशी असं मी कुठेच लिहिलेलं नाही. आकडा लिहिलाय."

मामंजींनी कागद कोटाच्या खिशात घातला आणि दोन दिवस काढलाच नाही. सहीशिवाय अहवाल नाही, अहवालाशिवाय पास होणं नाही. मी परसात वन्संना गाठलं आणि म्हटलं, "दोन पोळ्यांचा तर प्रश्न आहे. वाढवून लिहा. मी खाल्ल्या म्हणून सांगेन."

"वहिनी, तुम्ही खाल्ल्या असत्यात तर मी लिहिल्या असत्या."

"आणि धारवाड?"

"जाईन," त्या म्हणाल्या. दोरीवरचा वाळलेला रुमाल त्यांनी काढला आणि पुन्हा तिथेच वाळत घातला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांना किती भीती वाटत होती. तरी माझ्या नावापुढचा आकडा त्यांनी वाढवला नाही.

तिसऱ्या दिवशी, मामंजी कचेरीला निघायच्या वेळी, सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "तो कागद काढा बघू. माझ्यापुढं काय लिहिलंय?" वन्संनी वाचून दाखवलं. "आणि हिच्यापुढं?" तेही वाचलं. सासूबाईंनी तो कागद स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "मी ह्या घरात आले त्या वर्षी कुणी तोललं असतं तर ह्याच्याहून कमी निघालं असतं. सही कुठं करायची?"

"कुटुंबप्रमुखाची लागते," मामंजी म्हणाले.

"जेवणाचं कोण बघतं ह्या घरात? तुम्ही का मी?"

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. देवनागरीत, एकेक अक्षर कोरत, त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि ते चौकटीत न मावून खालच्या ओळीवर गेलं. मामंजी छत्री विसरून कचेरीला गेले. त्या दुपारी पानं मांडताना सासूबाईंनी माझं पान आपल्या शेजारी मांडलं आणि 'बस' म्हणाल्या, एवढंच. पुढे त्या होत्या तोवर आम्ही दोघी एकदमच जेवलो. या विषयावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

वन्सं पास झाल्या, पण काठावर. अहवालाच्या शेवटी 'सुधारणा' असा एक भाग होता, त्या घरानं जेवणात काय बदलावं ते सुचवायचा, तो त्यांनी कोरा ठेवला आणि बाईंनी त्याचे गुण कापले. मी रागावले त्यांच्यावर. इतकं सगळं करून एवढी एक ओळ लिहायला काय झालं होतं? "लिहायच्या आतच सुधारणा झाली होती," त्या म्हणाल्या. "मग नाही झाली असं कसं लिहू?" धारवाडला नकार कळवताना पत्राखाली वन्संनी आवळा सोडू नका असं जोडलं, आणि तिकडूनही उलट टपाली आभार आले.

साठ उलटून दोनेक वर्षं झाली असतील, त्यांना म्हैसूरच्या एका मोठ्या इस्पितळात रोग्यांचं जेवण ठरवायची नोकरी लागली. स्वयंपाक दुसरे करणार होते, हे रोग्यांचं नशीब. त्यांना पोचवायला मी बसस्टँडवर गेले. सामान वर चढलं, वन्सं खिडकीशी बसल्या, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "वहिनी, मला तिथे तुमची फार आठवण येईल." दुसरं कुणी म्हणालं असतं तर निघताना म्हणायची रीत म्हणून मी ते सोडून दिलं असतं. पण वन्सं म्हणाल्या होत्या, म्हणजे ते तेवढंच असणार, त्यातल्या 'फार'सकट. "इकडची काळजी करू नका हो," मी म्हटलं, "आमचं सगळं छान चालेल." बस निघाली आणि कोपऱ्यावरून वळली. मी बोलले ते खरं नव्हतं, आणि ते त्यांना कळल्याशिवाय राहिलं नसणार.